खालचा बोल्ट

आवाज चुकीचा आला. लाकडी मोगरी एक्सलच्या टोकावर बसल्यावर कसा आवाज यायला हवा, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. एक्सल मोकळा असला तर टक् असा कोरडा, आटोपशीर आवाज येतो आणि त्याच्या पाठोपाठ लोखंड सरकल्याचं ऐकू येतं. हा आला ठप्प. मी चहाचा कप तोंडाशी नेला होता, तो तसाच राहिला. बाबा त्यांच्या जुन्या मोटारसायकलच्या पुढच्या चाकाशी उकिडवे बसले होते, त्यांनी पहिला घाव घातला होता, आणि खालचा बोल्ट सैल करायला ते विसरले होते. मला ते त्या एका आवाजात कळलं. आणि कळल्याबरोबर सगळ्यात आधी काय वाटलं, सांगू? बरं वाटलं. उगाच कशाला खोटं बोलायचं? छातीवरचं ओझं उतरल्यासारखं बरं वाटलं, कारण पाच मिनिटांपूर्वीपर्यंत मला धास्ती होती की म्हातारा सुटतोय.

चाकातून आरपार जाणारा पोलादी दांडा म्हणजे एक्सल, हे कुणालाही कळतं. एका टोकाला त्याचा मोठा नट असतो, तो आंधळ्यालाही सापडेल. दुसऱ्या बाजूला मात्र, चाकाला दोन्हीकडून धरणाऱ्या फोर्कच्या अगदी पायथ्याशी, करंगळीएवढा एक बोल्ट असतो. तो एक्सलला चिमटीत आवळून धरतो. आधी तो सैल करायचा, मगच एक्सलला हात लावायचा. तो विसरून ठोकायला बसलात, तर एक्सल जागचा हलत नाही, सगळा मार आत बेअरिंगच्या छऱ्यांवर बसतो, आणि ठोकणारा माणूस चिडून आणखी जोरात ठोकतो. इथे सगळ्यांचं चुकतं ते असं. बोल्ट विसरला म्हणून एवढं काही बिघडत नाही. बिघडतं ते नंतरच्या रागाने. बाबांनी मान वाकडी करून एक्सलकडे पाहिलं, आणि मी कप खाली ठेवला. मला फक्त दोन शब्द बोलायचे होते. खालचा बोल्ट. एवढं म्हटलं असतं तर ते कपाळावर हात मारून हसले असते, दहा नंबरचा पाना घेतला असता, आणि परीक्षा पास झाले असते.

परीक्षा मीच घेतली होती. काल संध्याकाळी वर्कशॉपचं शटर ओढताना मी म्हटलं, "बाबा, उद्या पुढचं चाक काढून दाखवा. एकट्याने. एक्सलला आणि बेअरिंगला ओरखडा न येता. जमलं तर परवापासून रोज या. नाही जमलं तर शटरची चावी माझ्याकडे द्या आणि घरी बसा." त्यांनी खिशावर हात ठेवला. चावी ते शर्टाच्या वरच्या खिशात ठेवतात, बटण लावून, आणि दिवसातून पन्नासदा चाचपून बघतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की डोक्यातलं पुसत जाईल, पण हातातलं बरेच दिवस टिकेल. टिकलंही होतं थोडंफार. पण गेल्या महिन्यात त्यांनी एका नर्सच्या स्कूटरचा पुढचा नट नुसता बोटाने फिरवून सोडून दिला. ती बिचारी चौकापर्यंत जाऊन पायी परत आली, स्कूटर ढकलत, आणि माझ्यासमोर उभी राहिली. मग मी दादाला फोन केला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, दूरच्या शहरात असतो, गार खोलीत बसून काम करतो. "अगं, येऊ दे की त्यांना, बसतील कोपऱ्यात," म्हणाला. कोपऱ्यात बसायला ते काय पिंप आहेत का? मी त्याला म्हटलं, तू ये आणि बसव. त्यावर त्याची लगेच मीटिंग सुरू झाली. तेव्हा त्यांना घरी बसवणं भागच होतं, कुणीही शहाणा माणूस हेच म्हणेल. माझ्याकडे धडधडीत चांगलं कारण होतं, आणि त्या चांगल्या कारणाच्या आड मला हवं ते करता येत होतं.

दुसरा घाव. पुन्हा ठप्प, जरा जोरात. शेजारच्या गाळ्यातला वेल्डर काळा चष्मा कपाळावर सारून दारात आला. तीस वर्षं तो इथे आहे. त्याने आमच्या घरातली सगळी भांडणं भिंतीपलीकडून ऐकली आहेत. "अगं, बोल्ट राहिलाय," तो माझ्या कानाशी हळूच म्हणाला. मी म्हटलं, "माहितेय." तो माझ्याकडे बघत राहिला. "मग सांग की!" "परीक्षा चालू आहे काका. तुम्ही मध्ये पडू नका." तेवीस वर्षांपूर्वीही तो असाच दारात उभा होता आणि हसला होता, त्यामुळे त्याला माझ्यापुढे जास्त बोलता येत नाही हे मला ठाऊक आहे. बाबांना आमचं काही ऐकू गेलं नाही. ते चाकाशी बोलत होते. काम करताना ते नेहमीच बोलतात. "चल रे बाळा, चल, हट्ट करू नकोस," असं. माणसांशी इतक्या लाडाने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. त्याच्या आधी सात-आठ वर्षं मी दुपारचा डबा घेऊन वर्कशॉपमध्ये यायचे आणि उंबऱ्यावर बसून राहायचे, कारण डबा रिकामा होईपर्यंत थांबायची मला परवानगी होती. आत दादाला शिकवणी चालायची. बाबा त्याला हाताला धरून सगळं दाखवायचे. गाडी डबल स्टँडवर कशी घ्यायची, इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा कसा सरकवायचा म्हणजे पुढचं चाक अधांतरी होतं, ब्रेकची तार आधी सोडायची, मग वेगाच्या काट्याची केबल. नट काढला तरी टाकून द्यायचा नाही, पुन्हा आट्यांच्या टोकाशी बरोबरीने चढवायचा, म्हणजे मोगरीचा मार आट्यांना लागत नाही. चाक एका हाताने किंचित उचलून धरायचं, त्याचा भार एक्सलवर राहू द्यायचा नाही, आणि एक्सल टॉमीने, म्हणजे आडव्या सळीने, गोल फिरवत, समजूत घालत बाहेर काढायचा. दादा नाक दाबून उभा असायचा, त्याला ग्रीसच्या वासाने मळमळायचं. मी उंबऱ्यावर बसून सगळं पाठ करत होते. डब्याच्या झाकणावर बोटाने फोर्क काढायचे, नट काढायचे. मला वाटायचं मला सगळं येतं. पण गाड्या भिंतीला लागून उभ्या असायच्या, आणि खालचा बोल्ट भिंतीकडच्या बाजूला यायचा. उंबऱ्यावरून तो कधी दिसला नाही. बाबा पाना घेऊन त्या बाजूला वाकायचे तेव्हा मला वाटायचं, काहीतरी पुसतायत.

दादाने शहरात पळ काढल्यावर मी हट्टाला पेटले. दोन दिवस जेवले नाही. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. पुढचं चाक काढून दाखव. एक्सलला आणि बेअरिंगला ओरखडा न येता. मग उद्यापासून ये." काल मी त्यांना तेच शब्द ऐकवले, ओरखड्यासकट. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलेल म्हणून मी शटर अर्ध्यात धरून वाट बघितली. काही हलायला तयार नाही. "बरं," म्हणाले, आणि खिसा चाचपला. मला इतका संताप आला! माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस ह्या माणसाने अगदी सहज हरवून टाकला होता, छत्री विसरावी तसा. आता तो एकट्या माझ्याकडेच उरला होता. ज्याला आठवतच नाही त्याचं उट्टं काढायचं तरी कसं?

तिसऱ्या घावाआधी ते थांबले. फडकं घेतलं आणि फोर्कचा पायथा पुसायला लागले. मी परीक्षेत काहीही लबाडी केलेली नव्हती, हे लिहून घ्या. सकाळी मी स्वतः तो बोल्ट ब्रशने साफ केला होता, तेलाचा थेंब सोडला होता, तो नव्यासारखा चकचकत होता. दहाचा पाना ट्रेमध्ये सगळ्यात वर ठेवला होता. गाडीसुद्धा भिंतीपासून चांगली दोन हात लांब उभी केली होती, माझ्या वेळेसारखी नाही. मला निर्मळ न्याय हवा होता, नंतर कुणी बोट दाखवायला नको. त्यांचं फडकं बोल्टवरून गेलं. अंगठा बोल्टच्या डोक्यावर टेकला, जरासा घुटमळला. त्यांच्या कपाळावर आठी पडली. दारातला वेल्डर पुढे झुकला. मी मनात म्हणत होते, नको आठवू. देवाशप्पथ, हेच म्हणत होते, मुठी आवळून, लहान मुलीसारखी. नको आठवू, नको आठवू. मग त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं, मोगरी बाजूला ठेवली आणि लोखंडी हातोडी उचलली.

माझ्या वेळेला वर्कशॉपमध्ये पाच-सहा जण होते. गाडी एका पोस्टमनची होती. मी ठोकळा लावला, तार सोडली, केबल सोडली, नट काढून पुन्हा बरोबरीने चढवला, आणि पोस्टमन म्हणाला, "वा!" मला अजून तो वा ऐकू येतो. मग मी मोगरी मारली, आणि एक्सल हलला नाही. मी बाबांकडे पाहिलं. ते स्टुलावर बसून शांतपणे बघत होते. म्हणाले, "मार की. हातात जोर नाही का?" मी मारली. "आणखी." मी मारली. त्यांना माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत असतं तसं त्यांना माहीत होतं, आणि ते मला "आणखी" म्हणत होते. शेवटी मी लोखंडी हातोडी घेतली, घामाने हात निसटला, आणि घाव नट सोडून आट्यांवर बसला. तेव्हा कुठे ते उठले. दोन बोटांत दहाचा पाना धरून आले, खालचा बोल्ट दोन आटे फिरवला, आणि सगळ्यांना म्हणाले, "हा एवढासा राहिला बाईंचा. हात आहेत की मुसळं?" सगळे हसले. पोस्टमनही हसला. त्या दिवसापासून मी घरात हातोडी झाले. ए हातोडी, पाणी आण. हातोडी, फोन बघ. आई गेली त्या दिवशीही त्यांनी मला त्याच नावाने हाक मारली. पुढे मी दुसरीकडे दोन वर्षं रीतसर शिकले, लग्न केलं, ते मोडलं, त्याचा इथे संबंध नाही. त्यांच्या कमरेचं हाड मोडलं तेव्हा चार दिवसांसाठी म्हणून मी इथे आले, त्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत त्यांनी एकदाही म्हटलं नाही की तुला येतं.

तिसरा घाव लोखंडाचा. तो आवाज दातांत शिरला. मोटारसायकल स्टँडवर हलली. "बाबा, जोर नाही का हातात?" मी म्हटलं. वेल्डरने झटकन माझ्याकडे पाहिलं. त्याला आठवलं होतं, निदान त्याला तरी. बाबा मात्र हसले, लहान मुलाला कुणीतरी चेव आणून द्यावा तसे. "आहे की! बघ आता." त्यांनी नट काढून टाकला. अहो, जन्मभर ज्याने नट बरोबरीने चढवल्याशिवाय मोगरीला हात लावला नाही, त्या माणसाने नट काढून जमिनीवर टाकला, आणि उघड्या आट्यांवर हातोडी घातली. चौथा, पाचवा, सहावा. टोक फुलत गेलेलं मला इथून दिसत होतं. ह्या गाडीचा एक्सल आता कुठे मिळत नाही, कंपनी बंद पडून जमाना झाला. ह्याच गाडीवर टाकीवर दादाला आणि मागे आईला बसवून ते फिरायला जायचे, आणि मी खिडकीतून हात हलवायचे, कारण चौथ्याला जागा नव्हती. परीक्षेला हीच गाडी मी का निवडली? गिऱ्हाइकाचं नुकसान नको म्हणून, असं मी वेल्डरला सांगितलं होतं.

सातव्या घावाला ते दमले. हातोडी मांडीवर ठेवून धापा टाकत बसले. मी उठले, ट्रेमधला दहाचा पाना दोन बोटांत धरला, त्यांच्या शेजारी बसले, आणि खालचा बोल्ट फिरवला. दोन आटे. "हा एवढासा राहिला तुमचा, बाबा." त्यांनी बोल्टकडे पाहिलं, मग एक्सलच्या टोकाकडे. तोंडाचा आ झाला. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. वेल्डर ग्राइंडर घेऊन आला, कारण फुललेलं टोक कापल्याशिवाय एक्सल बेअरिंगमधून पार होणार नव्हता. ठिणग्या उडाल्या, टोक खाली पडलं, एक्सल निघाला. मी चाक त्यांच्या मांडीवर ठेवलं. "बोट घाला आत. बेअरिंग फिरवा." "राहू दे ना," ते म्हणाले. "फिरवा!" त्यांनी बोट घातलं, फिरवलं. अडखळत फिरत होतं, खाचा पडल्या होत्या. त्यांच्या बोटाला ते कळलं, हातातलं टिकलं होतं ना! डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, पुसायचंही भान नव्हतं. मग त्यांनी स्वतःहून वरच्या खिशाचं बटण काढलं आणि चावी माझ्या हातात दिली. "तूच बघ आता," म्हणाले. चावी त्यांच्या अंगाने कोमट झालेली होती. मी ती खिशात टाकली. मला वाटलं, संपलं. मला खरंच वाटलं की आता माझी आग शांत होईल, आणि मी त्यांच्यासाठी चहा करायला वळले.

चहा घेऊन आले तर ते चाकाकडे डोळे फाडून बघत होते. "हे कोणी हाणलं?" त्यांचा आवाज जुना होता, दहा वर्षांपूर्वीचा, वर्कशॉप हलवून सोडणारा. "कोणी हाणलं रे हे? कोण गाढव आहे?" वेल्डर माझ्याआधी बोलला. "माझ्याच हातून झालं. बघत होतो जरा. चुकलं." आणि बाबा फुलले! काय सांगू, गालांवर रंग चढला. त्यांनी वेल्डरला मनसोक्त शिव्या घातल्या, तुझं काम जाळायचं आहे, चाकाला कशाला हात लावतोस, आणि तोही मान खाली घालून हो हो करत राहिला. मग त्यांनी मला हाक मारली. हातोडी म्हणून नाही. "पोरी, ये इकडे. बस. नीट बघ हं, हे कुणी सांगत नाही." त्यांनी माझा हात धरला, माझं बोट फोर्कच्या पायथ्याशी नेऊन टेकवलं. "हा खालचा बोल्ट. आधी हा सैल करायचा. भिंतीकडे असतो, दिसत नाही, म्हणून विसरतात. तुझा हात हलका आहे, तुला जमेल. लक्षात राहील ना?"

त्यांची बोटं कोरडी आणि गरम होती. लहानपणापासून ह्या वाक्यासाठी माझा जीव तुटत होता, आणि ते आता मला मिळत होतं, एका अशा माणसाकडून ज्याला मी नेमकी कोण हेही पाच मिनिटांनी ठाऊक नसणार होतं. हो म्हणायचं होतं. वेल्डर डोळ्यांनी विनवत होता, हो म्हण. फुकटचं होतं, कुणाचं काही जात नव्हतं. पण मला आतून उकळी फुटली. आता? आता सांगताय? मी हात सोडवून घेतला. "काकांनी नाही हाणलं, बाबा. तुम्ही हाणलंत. सात वेळा. हा बोल्ट विसरून." ते हसायला गेले, मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून थांबले. नजर हळूहळू पायाशी पडलेल्या हातोडीवर उतरली. पुन्हा तेच सगळं, तोंडाचा आ, ओठ, पाणी. पहिल्याइतकंच ताजं. त्यांनी खिसा चाचपला, बटण उघडं होतं, आत काही नव्हतं. "चावी?" "तुम्हीच दिलीत." वेल्डरने काळा चष्मा डोळ्यांवर ओढला. "तुझ्यापेक्षा तेव्हाचा तो बरा होता," एवढं म्हणाला आणि त्याच्या गाळ्यात निघून गेला. पलीकडे त्याचं मशीन सुरू झालं.

मी एका स्कूटरचं काम हातात घेतलं. ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं. बाबा स्टुलावर होते, भिंतीकडे बघत, आणि हळूहळू त्यांचा चेहरा निवळत गेला, आठ्या गेल्या, डोळे कोरडे झाले. ते काहीतरी गुणगुणायला लागले. मी पाना फिरवत होते पण कान तिकडेच होते, मी वाट बघत होते हे मला नाकारता येणार नाही. गुणगुणणं थांबलं. त्यांनी जमिनीवरचं कापलेलं टोक उचललं, उजेडात धरलं, फिरवून पाहिलं.

"अरे, हे कोणी हाणलं?"

या खेपेला मध्ये बोलायला कुणी नव्हतं. मी पाना खाली ठेवला, हात फडक्याला स्वच्छ पुसले, स्टूल ओढून त्यांच्या अगदी समोर बसले, म्हणजे त्यांना नीट ऐकू जाईल.